निर्वासितांचं मन आणि त्यांची बाजू : मागचा इतिहास

1951च्या निर्वासितविषयक कराराची व्याख्याच मुळी भीतीवर उभी आहे. छळाची सयुक्तिक भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस तो निर्वासित. मनाची अवस्था अशी कायद्यात आली. त्या मनावरच्या उपचारांसाठी मात्र करारात वेगळं कलम नाही.

1980मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात आघातोत्तर ताणविकार (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) दाखल झाला, तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. त्याच सुमारास थायलंडच्या सीमेवर कंबोडियातले लोक येत होते, त्यांनाही हेच माप लागलं. ते अपुरं पडलं. कंबोडियातला ख्मेर माणूस अंगातून वर चढणाऱ्या, मानेच्या शिरा फोडील अशा वाऱ्याची तक्रार करतो. लक्षणांच्या यादीत तसा रकाना नव्हता.

1990च्या दशकात आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत बोकाळली. तिचा उपयोग दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या 2007च्या एकत्रित सूचनांनी तिला बाजूला सारून चार थरांची उतरंड मांडली: तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब-समाजाचा आधार, मग प्रशिक्षित बिगरतज्ज्ञांची मदत आणि अगदी वर, थोड्यांसाठी, तज्ज्ञ.

खरा गुंता ‘सेल्फ-अ‍ॅडव्होकसी’, म्हणजे आपली बाजू आपणच मांडणं, या शब्दाचा. तो निर्वासितांच्या कामातला नव्हेच. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांच्या गटांतून ही चळवळ सुरू झाली, 1970च्या दशकात अमेरिकेत पोचली. आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला विचारून घ्या, एवढीच मागणी. निर्वासितांच्या कामात येताना या एका शब्दाला तीन अर्थ चिकटले: दवाखान्यात वा शाळेत आपली गरज सांगता येणं, धोरण ठरतं तिथे निर्वासितांच्या प्रतिनिधींना जागा असणं, आणि आश्रयाच्या मुलाखतीत आपली हकीकत मांडणं. पहिल्यासाठी सराव पुरतो, दुसऱ्यासाठी संघटना लागते, तिसऱ्यासाठी वकील. मराठीत ‘स्ववकिली’ म्हटलं की हा घोळ आणखी वाढतो, जणू वकिलाची गरजच संपली. काटकसर करू पाहणाऱ्या यंत्रणांना हा गैरसमज सोयीचा आहे, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या अर्थापाशी मन आणि कायदा एकमेकांवर आदळतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या 1979च्या हस्तपुस्तिकेनेच सांगितलं होतं की तथ्यं शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा अशी दोघांची आहे. व्यवहारात दोन जबाबांतली तफावत म्हणजे खोटेपणा, असं धरलं जातं. ब्रिटनमधल्या कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांवरचा 2002मधला अभ्यास वेगळं सांगतो: तीच घटना पुन्हा सांगताना तपशील बदलतात, घटनेच्या कडेचे तपशील जास्त, आणि ताणविकार तीव्र असेल, तर दोन मुलाखतींत जितकं अंतर तितकी तफावत अधिक.

काही तफावत तर स्मृतीची नसतेच. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि सात-आठ वर्षं मागे. तिथल्या कोणी मार्च 2020मधली अटक ‘2012’ म्हणून सांगितली आणि दुभाष्याने आकडा तसाच पुढे ढकलला, तर कागदावर आठ वर्षांची फट पडते. म्हणून मुलाखतीच्या तयारीत काय बोलायचं ते शिकवत नाहीत. घोटून घेतलेली हकीकत उलट संशय ओढवते. शिकवायचं ते वेगळं: तारीख कोणत्या पंचांगातली ते आधी सांगणं, आठवत नसेल तर अंदाज न ठोकता ‘आठवत नाही’ म्हणणं, दुभाषी ‘तो म्हणतो की’ असं सारांशाने बोलू लागला तर थांबवणं, विश्रांती किंवा स्त्री दुभाषी मागणं. घरचं मूल दुभाषी नको. त्याच्यासमोर बलात्काराबद्दल बोललं जात नाही, आणि पुढे ते उघड केलं की ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न येतो.

2016मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा, मानसिक त्रासात असलेल्यांसाठी बिगरतज्ज्ञांनी चालवायचा पाच बैठकांचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला. आठवड्याला एक बैठक, दीड तासाची. श्वासाचा सराव, थांबलेली कामं पुन्हा सुरू करणं, माणसं जोडणं हे त्यात आहेच. पण बाजू मांडण्याशी त्याचा सांधा जुळतो तो अडचणींच्या वर्गवारीत. आधी सगळ्या अडचणी मांडायच्या, मग आपल्या हातातल्या, हाताबाहेरच्या आणि बिनमहत्त्वाच्या अशा वेगळ्या करायच्या. हातातली एक निवडून ती नेमकी करायची, उपाय सुचतील तेवढे काढायचे, एक ठरवायचा, पुढच्या बैठकीत काय झालं ते पाहायचं. ‘कागद मिळत नाहीत’ ही अडचण फार मोठी. ‘मंगळवारी जबाबाची प्रत मागायची’ ही हातातली. अर्जाचा निकाल हाताबाहेरच्या गटातच राहतो.