आजाराच्या तीव्रतेमुळे होणारा संभ्रम

आजाराच्या तीव्रतेमुळे होणारा संभ्रम : उपचारांच्या निरीक्षणात्मक अभ्यासांत, म्हणजे कुणाला कोणता उपचार हे संशोधक न ठरवता जे घडते तेवढेच नोंदवतात अशा अभ्यासांत, वारंवार आढळणारा दोष. प्रकृती जास्त बिघडलेल्यांनाच जोरकस उपचार दिले जातात. पुढे त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले की खापर उपचारावर फुटते. वैद्यकीय वर्तुळात याला सरळ ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात.

‘व्हेंटिलेटर लावला की माणूस गेलाच समजा’ असे बडोद्यात दांडिया बाजाराच्या ओट्यांवर कुणीही सांगेल. पाहिलेले खोटे नसते, काढलेला अर्थ चुकतो. श्वास पुरत नाही म्हणूनच तर व्हेंटिलेटर लागतो. शहरातल्या सयाजीराव जनरल रुग्णालयाकडे छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद या भागांतून हाताबाहेर गेलेले रुग्ण येतात. तिथल्या मृत्यूंचे प्रमाण एखाद्या छोट्या नर्सिंग होमशी नुसते ताडून पाहिले, तर नर्सिंग होम सरस ठरायचे. अवघड रुग्ण त्याने आधीच पुढे धाडलेले असतात.

उलटेही होते : हलक्या रुग्णांच्या वाट्याला आलेला उपचार फुकटचे श्रेय घेऊन जातो. याचे नमुनेदार उदाहरण मुतखड्याचे, म्हणजे गुजरातेत घरोघरी कळणाऱ्या दुखण्याचे. 1986 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात मोठा छेद घेऊन केलेल्या 350 उघड्या शस्त्रक्रियांपैकी 273 यशस्वी ठरल्या (78 टक्के), तर पाठीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने केलेल्या 350 पैकी 289 (83 टक्के). दुर्बीण जिंकली? खड्यांचा आकार पाहू. 2 सेंटिमीटरहून लहान खड्यांत उघड्या शस्त्रक्रियेचे यश 87 पैकी 81, दुर्बिणीचे 270 पैकी 234. मोठ्या खड्यांत उघडीचे 263 पैकी 192, दुर्बिणीचे 80 पैकी 55. म्हणजे 93 विरुद्ध 87 टक्के आणि 73 विरुद्ध 69 टक्के. दोन्ही गटांत उघडी शस्त्रक्रिया पुढे, आणि एकत्र बेरजेत मागे! मोठे, चिवट खडे बहुतांशी तिच्याच वाट्याला आले होते.

आकडे असे गटवार फोडणे हा पहिला उपाय. गट फार झाले तर समीकरणांची मदत घेतात. प्रत्येक रुग्णाला विशिष्ट उपचार मिळण्याची शक्यता काढून सारख्या शक्यतेच्या रुग्णांची तुलना करण्याची पद्धत रोझेनबॉम आणि रुबिन या संख्याशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये मांडली. पण हिशेब नोंदीपुरताच चालतो. धाप लागलेला माणूस दर दोन शब्दांना थांबतो, ओठ निळसर दिसतात, आणि मुरलेला डॉक्टर तेवढ्यावरून औषध वाढवतो. केसपेपरवर मात्र नुसते ‘दमा’. जे कागदावर उतरलेच नाही ते कोणतेही समीकरण शोधून काढत नाही. म्हणून यादृच्छिक वाटपाला, म्हणजे कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवण्याला, पर्याय नाही. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत कोणत्या क्षयरुग्णाला औषध मिळणार हे मोहोरबंद लिफाफ्यात असे. डॉक्टरच्या नजरेला तिथे वावच नव्हता.

मात्र हा संभ्रम ढालीसारखाही वापरला जातो, आणि त्याबाबत सावध राहिलेले बरे. न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल हा दम्याचा पंप 1976 मध्ये आला आणि त्याच सुमारास दम्याने होणारे मृत्यू वाढले. 1989 मध्ये संशोधकांनी या पंपाकडे बोट दाखवल्यावर उत्तर तयार होते : गंभीर रुग्णांनाच तो दिला जातो, मग मृत्यू जास्त दिसणारच. वरकरणी बिनतोड युक्तिवाद. पण वर्षभरात रुग्णालयात राहून आलेले किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, असे गंभीर रुग्ण तेवढे वेगळे काढून पाहिले, तेव्हा पंपाचा मृत्यूंशी असलेला संबंध विरण्याऐवजी आणखी ठळक झाला. तीव्रतेचाच सगळा खेळ असता तर तो तिथे फिका पडायला हवा होता. पुढे फेनोटेरॉलचा वापर आवळला गेला आणि तिथले दम्याचे मृत्यू झपाट्याने उतरले.