सॅन फ्रान्सिस्को उपसागर : किनारी उद्याने व जलवाटांचा सार्वजनिक अर्थपुरवठा

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठची उद्याने, पायवाटा, पाणथळी व लहान होड्यांच्या जलवाटा यांसाठी कर, कर्जरोखे, पथकर आणि सरकारी अनुदाने यांतून पैसा उभारण्याची पद्धती. ‘उपसागर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बंगालचा उपसागर येतो. हा जलाशय त्या मानाने फार लहान व उथळ आहे. साक्रामेंटो व सॅन वाकीन या नद्यांचे पाणी तो एका अरुंद मुखातून पॅसिफिक महासागरात सोडतो, त्यामुळे स्वरूपाने तो खाडीला जवळचा आहे. ‘बे एरिया’ या नावातील ‘बे’ तो हाच. भोवतीच्या प्रदेशात नऊ काउंट्या (आपल्याकडील जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) आणि अनेक शहरे असून या साऱ्यांवर अधिकार चालवणारे एकच सरकार नाही. अर्थपुरवठ्याची गुंतागुंत मुख्यतः यातून आली आहे.

आरंभ : या व्यवस्थेचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. बहुतेक लेखक तो १९६१ मध्ये धरतात. त्या वर्षी केय केर, सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन व एस्थर ग्युलिक या बर्कलीच्या तीन स्त्रियांनी उपसागरात भराव घालण्याविरुद्ध चळवळ सुरू केली. तिच्या दबावातून १९६५ मध्ये मॅकएटीर–पेट्रिस कायदा झाला व उपसागर संवर्धन आणि विकास आयोग स्थापन झाला. सुरुवातीला तात्पुरता असलेला हा आयोग १९६९ मध्ये कायम करण्यात आला. त्या काळी जनतेला खुला असलेला किनारा जेमतेम चार मैल होता, असे आयोगाच्या साहित्यात सांगितले जाते. ‘खुला’ कशाला म्हणायचे यावर हा आकडा अवलंबून असल्याने तो अंदाज म्हणूनच घ्यावा.

हा इतिहास संरक्षणाचा झाला, अर्थपुरवठ्याचा नव्हे. आयोगाला कर बसवण्याचा अधिकार नाही. किनाऱ्यापासून १०० फुटांच्या पट्ट्यात बांधकामाला परवाना देताना ‘शक्य तितका अधिक सार्वजनिक प्रवेश’ ठेवण्याची अट तो घालतो आणि त्या जागेपुरती वाट बांधण्याचा खर्च विकासकाच्या अंगावर पडतो. या मार्गालाही मर्यादा आहेत. परवान्याची अट आणि बांधकामाचा परिणाम यांत संबंध असला पाहिजे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नोलन खटल्यात दिला. १९९४ च्या डोलन खटल्यात त्याला प्रमाणाची कसोटी जोडली गेली.

पैशाचा विचार करता १९३४ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. ऐन महामंदीत पूर्व काठावरील मतदारांनी सुमारे ७१ टक्के मतांनी प्रादेशिक उद्यान जिल्हा (प्रशासकीय जिल्हा नव्हे, तर केवळ उद्यानांसाठीची कर घेणारी स्थानिक संस्था) स्थापन केला आणि मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यांकनामागे ५ सेंट कर स्वतःवर लादून घेतला. या जिल्ह्याची पहिली उद्याने डोंगरात होती, किनाऱ्याकडे तो पुढे वळला, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खरा आहे. पण अनेक शहरांनी मिळून उद्यानांसाठी कर भरण्याचा प्रघात येथूनच पडला.

भूखंडपट्टी : १९७८ मध्ये राज्यातील मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. त्यानुसार मालमत्तेवरील मूल्याधारित कर साधारणपणे एक टक्क्याच्या आत आला आणि विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक करास दोन-तृतीयांश मतांची अट लागू झाली. मूल्यावर जादा कर घेता येईना, तेव्हा मूल्याशी संबंध नसलेली, दर भूखंडामागे ठरावीक रकमेची पट्टी पुढे आली. तिचा नेमका जनक ठरवणे अवघड आहे. १९७९ च्या विधेयकांनी विशेष कर बसवण्याची रीत घालून दिली आणि १९८० नंतरच्या दशकात शाळा, ग्रंथालये व उद्याने यांसाठी ती रुळली, एवढे सामान्यतः मान्य आहे. बंगला असो वा मोठ्या कंपनीचे विस्तीर्ण आवार, भूखंड एक असेल तर पट्टी सारखीच. म्हणून ती अन्याय्य असल्याची टीका वारंवार होते. समर्थकांचे उत्तर असे की मूल्याधारित मार्ग कायद्यानेच बंद केल्यावर हाच उरतो. टीका वजनदार असली तरी तिचा रोख पट्टीपेक्षा प्रस्ताव १३ कडे असायला हवा, असे दिसते.

पूर्व काठच्या उद्यान जिल्ह्याने १९८८ मध्ये २२.५ कोटी डॉलरचे व २००८ मध्ये ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर करून घेतले. २००४ मध्ये ओकलंड ते रिचमंड या पट्ट्यासाठी वर्षाला १२ डॉलरची पट्टी १५ वर्षांकरिता आली आणि २०१८ मध्ये तिला मुदतवाढ मिळाली.

सर्व नऊ काउंट्यांत मिळून एकच पट्टी बसवण्याचा पहिला प्रयोग ७ जून २०१६ रोजी झाला. त्यासाठीचे उपसागर पुनर्स्थापना प्राधिकरण राज्य कायद्याने २००८ मध्येच निर्माण केले होते. त्याला आठ वर्षे मतदारांपुढे जाता आले नाही. दर भूखंडामागे वार्षिक १२ डॉलर, मुदत २० वर्षे (२०१७–३७), अपेक्षित उत्पन्न वर्षाला सुमारे २.५ कोटी, म्हणजे एकूण ५० कोटी डॉलर. या प्रस्तावाचे नाव ‘मेझर एए’. १९८८ च्या कर्जरोख्यांचे नावही तेच असल्याने जुनी कात्रणे चाळताना घोटाळा होतो. मोजणी काउंटीवार न करता एकत्र झाली व सुमारे ७० टक्के मते अनुकूल पडली. निम्मा पैसा लोकसंख्येच्या आधारे विभागला जातो (एकूण रकमेच्या टक्क्यांत) : उत्तर काठ ९, पूर्व १८, पश्चिम ११ व दक्षिण १२ टक्के. उरलेला निम्मा प्रदेशात कोठेही खर्चता येतो. प्रदूषण-निवारण, पशुपक्ष्यांचे अधिवास, पूर-संरक्षण व किनारी सार्वजनिक प्रवेश अशी चार प्रयोजने आहेत. त्यांपैकी वाटा व उद्याने चौथ्यात येतात, म्हणजे ही पट्टी मुळात पाणथळींची आहे.

दोन-तृतीयांशाच्या अटीचा अर्थ मात्र अजून स्थिरावलेला नाही. २०१७ च्या अपलंड खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रस्ताव नागरिकांनी सह्या गोळा करून आणला असेल तर सरकारी प्रस्तावांवरील काही बंधने त्याला लागू नाहीत, असे म्हटले. त्याच्या आधारे अपील न्यायालयांनी अशा प्रस्तावांना साधे बहुमत पुरेसे मानले आहे.

पथकर : राज्याच्या मालकीच्या सात पुलांवरील पथकर तीन टप्प्यांत एकेक डॉलरने वाढवण्यास मतदारांनी जून २०१८ मध्ये सुमारे ५५ टक्के मतांनी संमती दिली. त्यातील १५ कोटी डॉलर उपसागर पायवाट आणि स्थानकांकडे जाणारे सुरक्षित रस्ते यांसाठी आहेत. ही वाढ कर की शुल्क, यावर खटला चालला. कर ठरली असती तर ५५ टक्के अपुरे होते. वसूल रक्कम तोवर अडकून पडली. जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निकाली काढल्यावर ती मोकळी झाली.

किनाऱ्याची पायवाट (बे ट्रेल) १९८७ च्या राज्य कायद्याने योजली गेली. विधेयक बिल लॉकियर यांचे, आराखडा १९८९ चा. नियोजित लांबी ५०० मैल (सुमारे ८०० किमी.) असून ३५० मैलांहून अधिक वाट पूर्ण आहे. तिच्या मालकीची जमीन नाही. ती शहरे, उद्यान जिल्हे व खाजगी आवारे यांच्या तुकड्यांतून जाते आणि पैसाही तसाच तुकड्यांनी येतो.

राज्य व केंद्र : १९७६ मध्ये स्थापन झालेली राज्य किनारा संवर्धन संस्था कर्जरोख्यांचा पैसा अनुदानरूपाने वाटते. केंद्राचा जुना स्रोत म्हणजे १९६४ च्या कायद्याचा भूमी व जल संवर्धन निधी. तो मुख्यतः समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नावर चालतो. २००३ मध्ये कारगिल कंपनीकडून १६,५०० एकर मिठागरांची जमीन १० कोटी डॉलरना घेतली गेली. त्यात राज्याचे ७.२ कोटी, केंद्राचे ८० लाख व खाजगी प्रतिष्ठानांचे २ कोटी होते.

जलवाटा : २००५ च्या राज्य कायद्याने कयाक, पॅडलबोर्ड अशा बिनइंजिनाच्या नौकांसाठी जलवाट योजली, पर्यावरणीय परीक्षण २०११ मध्ये पुरे झाले. जहाजांच्या जलमार्गाशी हिचा संबंध नाही. पाण्यावर रेघ आखलेली नसते. होडी उतरवण्याच्या व मुक्कामाच्या जागांचे जाळे म्हणजे जलवाट. खर्च धक्के, अपंगांसाठी उतार, स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि सील व पक्ष्यांपासून अंतर राखण्याची सूचना देणारे फलक यांवर होतो. जलवाटेला स्वतःचा कर नाही. राज्याच्या नौकानयन निधीत मोटारबोटींच्या इंधनावरील कर जमा होतो, आणि वल्हे मारणारा तो भरत नाही. या निधीवर त्याचा हक्क किती, हा वाद त्यामुळे अधूनमधून निघतो. येथील मूळ रहिवासी ओलोनी लोक टुली नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या होड्यांतून याच पाण्यावर फिरत असत.