रेफरल आणि अॅफिनिटी भागीदारी (घरांची दलाली)

घर घेणारे किंवा विकणारे गिऱ्हाईक एका ब्रोकरने दुसऱ्याकडे पाठवायचे आणि सौदा पुरा झाला की त्याच्या कमिशनमधला वाटा घ्यायचा, ही रेफरल भागीदारी. गिऱ्हाइकांचा ओघ एखाद्या संस्थेच्या सभासदांमधून येत असेल, उदाहरणार्थ पतसंस्था, कामगार संघटना किंवा माजी सैनिकांची संघटना, तर ती अॅफिनिटी भागीदारी. पुढील तपशील अमेरिकेतला आहे.

वाटा घराच्या किमतीवर नसतो, एका बाजूच्या कमिशनवर असतो. दोन ब्रोकरांमधला साधा रेफरल साधारण २५ टक्क्यांचा. अॅफिनिटीत तो ३५ टक्के किंवा त्याहून वर जातो. समजा, घर ४ लाख डॉलरचे आणि खरेदीदाराच्या बाजूचे कमिशन २.५ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर. त्यातून आधी ३५ टक्के रेफरल जातो. उरलेल्या ६,५०० ची एजंट आणि तो ज्याच्या हाताखाली काम करतो त्या ब्रोकरमध्ये ७०:३० वाटणी झाली, तर एजंटच्या हाती ४,५५० पडतात. एवढ्यावर मुरलेले एजंट सहसा राजी होत नाहीत आणि सभासदाच्या वाट्याला नवखा येतो. योजनेची खरी दुखरी बाजू हीच.

१९७४ च्या ‘रेस्पा’ (घरखरेदीच्या व्यवहारपूर्तीचे नियम घालणाऱ्या) कायद्याचे कलम ८ गृहकर्जाच्या व्यवहारात गिऱ्हाईक पाठवण्याचा मोबदला देण्या-घेण्यास मनाई करते. शिक्षा १०,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. ब्रोकरांच्या आपसातल्या रेफरलला सूट आहे. कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा टायटल कंपनीला (घराची मालकी तपासून तिचा विमा उतरवणारी) नाही. संस्थेकडे दलालीचा परवाना नसतो, म्हणून मध्ये परवानाधारक रेफरल कंपनी असते. संस्थेला नाव-चिन्ह आणि जाहिरातीचा वाजवी, ठरावीक मोबदला देता येतो. मात्र ती रक्कम सौद्यांच्या संख्येबरोबर वरखाली होऊ लागली, की तो जाहिरातीचा मोबदला फक्त नावाला उरतो, प्रत्यक्षात गिऱ्हाईक पाठवण्याचाच ठरू शकतो.

करार गिऱ्हाइकाची गाठ घालून देण्यापूर्वीच लेखी हवा. त्यात गिऱ्हाइकाचे नाव, टक्केवारी, मुदत आणि खरेदी, विक्री की दोन्ही हे लिहितात. सही गिऱ्हाईक घेणाऱ्या ब्रोकरची, नुसती एजंटची नव्हे. पैसेही ब्रोकरकडून ब्रोकरलाच जातात.

भांडणे होतात ती मागाहून आलेल्या दाव्यांवरून. एजंट दोन आठवडे घरे दाखवतो, आणि मग नोकरीतल्या बदलीची सोय पाहणारी कंपनी रेफरल मागते. नकार द्यावा, तर गिऱ्हाइकाचा सामान हलवण्याचा भत्ता अडकण्याची भीती. म्हणून पहिल्याच फोनवर विचारावे: ‘तुमच्या नोकरीची कंपनी, बँक किंवा संघटनेकडून घरासाठी काही सवलत मिळते का?’

सभासदाला सवलत म्हणून परत मिळणारी रोख रक्कम बहुधा रेफरलच्या वाट्यातूनच येते. ओरेगॉन, कॅन्सस अशा काही राज्यांत तिला बंदी आहे. इतरत्र ती कर्ज देणाऱ्या बँकेला आधी कळवून अंतिम हिशेबपत्रकात दाखवावी लागते. ऐनवेळी सांगितले, तर कर्जाची कागदपत्रे पुन्हा करावी लागून ताबा लांबतो.