दुसरी पाइपलाइन: इमारतीत पुनर्वापराच्या पाण्याचे नियम आले कुठून

कोल्हापुरातल्या नव्या अपार्टमेंटच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या पोकळीत, डोकावलं तर बऱ्याचदा दोन उभ्या लाइन दिसतात. एक कार्पोरेशनची, दुसरी बोअरची. पहिली स्वयंपाकघरात जाते, दुसरी संडास-बाथरूमला. कुठली संहिता वाचून ही पद्धत पडलेली नाही. नळाला पाणी ठराविक वेळेलाच येतं, म्हणून बिल्डर आणि प्लंबरनी ती आपापसात रूढ केली. त्यामुळे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरा, असं सांगितलं तर इथला प्लंबर बिचकत नाही. त्याच्या लेखी ती आणखी एक लाइन. मला काळजी वाटते ती या सहजपणाचीच. कारण इमारतीतल्या पुनर्वापराचे जगभरचे नियम पाहिले, तर पाणी किती शुद्ध करायचं याबरोबरच दोन पाइप एकमेकांना कुठंही भेटू नयेत, यावर त्यांचा मोठा भर आहे. आणि हा भर आजारपणांतून आलेला आहे.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी वेगळ्या पाइपातून खेळवण्याचं अमेरिकेतलं पहिलं ठळक उदाहरण 1926 चं, ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या वसाहतीतलं. तिथं पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून लांबून आणावं लागे. असं पाणी संडासात ओतणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

पुढचा टप्पा मात्र भीतीतून आला. 1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. बाहेरगावाहून आलेले लोक हॉटेलांत उतरले आणि घरी परतल्यावर अमीबाच्या हगवणीनं आजारी पडले. 98 माणसं दगावली. तपासात निघालं ते असं की जुन्या हॉटेलांच्या प्लंबिंगमध्ये सांडपाण्याचा पिण्याच्या लाइनीशी संबंध येत होता. त्या काळी तिथं पुनर्वापराचा प्रश्नच नव्हता, पण आजच्या नियमांचा पाया या साथीनं घातला. 1942 मध्ये अमेरिकेत 'एअर गॅप'चं प्रमाण ठरलं: टाकी भरणाऱ्या नळाचं तोंड आणि टाकी भरून वाहू लागेल ती पातळी, यांच्यामध्ये मोकळी हवा हवी, साधारणपणे नळाच्या व्यासाच्या दुप्पट. लाइनमधला दाब अचानक पडला की पाइप उलटं पाणी ओढतो. मध्ये हवा असेल तर ओढायला पाणीच मिळत नाही. आपल्याकडे याच कामासाठी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून मोकळं होतात. पण एनआरव्हीत कचरा अडकतो, तो झिजतो, आणि तो बिघडलाय हे बाहेरून कळत नाही. हवेला बिघडण्यासारखं काही नसतं.

पुनर्वापराच्या पाण्याची लाइन ओळखू यावी म्हणून तिला देतात तो जांभळा रंग आला कॅलिफोर्नियातून. तिथल्या अर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्टनं आपल्या पाइपांना हा रंग दिला, आणि 1991 पासून तिथल्या उंच ऑफिस इमारतींत फ्लशसाठी हे पाणी जाऊ लागलं. टोकियोच्या शिंजुकूमधल्या गगनचुंबी इमारतींनी तर 1984 मध्येच हे केलं होतं.

सगळीकडे हे जमलं असं नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या लेडशे राइन या नव्या वस्तीत घरोघरी दोन नळयोजना दिल्या होत्या. 2001 च्या डिसेंबरमध्ये कामासाठी तात्पुरता जोडलेला एक पाइप काढायचा राहिला आणि फ्लश-बागेचं अर्धवट शुद्ध केलेलं पाणी पिण्याच्या नळांत शिरलं. बरीच कुटुंबं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. 2003 मध्ये डच सरकारनं मोठ्या दुहेरी योजनांवर बंदीच घातली.

भारतात राष्ट्रीय इमारत संहिता 1970 मध्ये आली. पुढे 1983, 2005 आणि 2016 मध्ये ती सुधारली गेली आणि प्लंबिंगला तिच्यात स्वतंत्र भाग आहे. दर माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातले 45 लिटर फ्लशचे. म्हणजे चौघांच्या घरात रोज 180 लिटर चांगलं पाणी थेट मलवाहिनीत जातं. ही संहिता मुळात शिफारशीच्या रूपातली. तिला धार येते ती स्थानिक नियमांमुळे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनंतर 20,000 चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागू झाली आणि तिच्या अटींत सांडपाणी प्रक्रिया, दुहेरी प्लंबिंग या गोष्टी येऊ लागल्या. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, ती कोल्हापूरलाही लागू आहे. पावसाचं पाणी साठवण्याबरोबर सांडपाण्याच्या पुनर्वापराची तरतूद तिच्यात आहे.

आता कोल्हापुरात कुणीही विचारेल, आम्हाला पाण्याचा काय तोटा? राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहराजवळच्या पुईखडीला पोहोचलं. प्रश्न बरोबर आहे. ग्रँड कॅन्यनचं कारण इथं लागूच पडत नाही. इथलं कारण खालच्या अंगाला आहे. घरात जितकं पाणी येतं त्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून जे निसटतं ते पंचगंगेत जातं, आणि नदी पुढे इचलकरंजी, शिरोळकडे जाते. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यानं. थेट पाइपलाइननं शहरात पाणी जितकं जास्त येईल, तितकं सांडपाणीही वाढणार. इमारतीतच पाणी दुसऱ्यांदा वापरलं तर नाल्याकडे जाणारा लोंढा तेवढा कमी होतो.

इमारतीत नियम मोडतो तो बहुतेक वेळा फ्लॅटचा ताबा घेतल्यानंतर. सोसायटीला प्रक्रिया केंद्राच्या विजेचं बिल जड होतं, केंद्र बंद पडतं, फ्लशला पाणी नाही म्हणून आरडाओरडा सुरू होतो. मग पिण्याच्या लाइनीतून एक जोड टाकून फ्लशची लाइन चालू केली जाते. नंतर केंद्र पुन्हा सुरू झालं तरी तो जोड भिंतीत तसाच राहतो. फ्लशच्या टाकीला चांगलं पाणी द्यायचंच असेल तर ते वरून, हवेचं अंतर ठेवून पडलं पाहिजे. शिवाय एक लाइन पूर्ण बंद आणि रिकामी करून, दुसरी चालू ठेवून, बंद लाइनीचे सगळे नळ उघडून पाहायची चाचणी आहे. त्यातल्या एखाद्या नळाला पाणी येतच राहिलं तर कुठंतरी जोड आहे. तिला खर्च नाही, फक्त अर्धा दिवस सगळ्या फ्लॅटची दारं उघडी लागतात, आणि कुणी बाथरूम फोडून नवी केली की ती पुन्हा करावी लागते.