पार्श्वभूमी : ‘लघवीची गोळी’ आणि थकलेली ॲड्रिनल

कोल्हापुरात ‘लघवीची गोळी’ म्हणजे नेमकं काय, हे चिठ्ठी पाहिल्याशिवाय कळत नाही. पायाच्या सुजेवर फ्युरोसेमाइड, बीपीसाठी क्लोरथॅलिडोन, पोटात पाणी झालं तर स्पायरोनोलॅक्टोन; तिन्हींना नाव एकच. आजी सांगते, “बारकी पांढरी, सकाळची.” रक्तातलं सोडियम उतरलं की दोष या गोळीवर जातो, आणि मागे थकलेली ॲड्रिनल, म्हणजे किडनीवरची संप्रेरकं बनवणारी ग्रंथी, असू शकते हे सुटून जातं.

ॲड्रिनल निकामी होण्याचा आजार लंडनमध्ये १८५५ साली नोंदला गेला. बऱ्याच रुग्णांत मूळ कारण क्षय निघे. आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही. पुढची घडामोड १९५०च्या दशकातली. १९५३ मध्ये शरीरात मीठ राखणारं ॲड्रिनलचं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, हाती लागलं, दशक संपायच्या आत थायझाइड या लघवीच्या गोळ्या आल्या. १९५७ मध्ये शरीर नको तेवढं पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरतं, असा विकार मांडला गेला. त्यालाच डॉक्टर एसआयएडीएच म्हणतात.

अडचण आहे ती या निदानाच्या अटींची. रुग्ण लघवीची गोळी घेत नसावा आणि त्याची ॲड्रिनल ठीक असावी, अशा दोन अटी त्यात आहेत. २०१४च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही त्या कायम आहेत. व्यवहारात पहिली पाळली जाते, दुसरी राहून जाते. रिपोर्टवर सोडियम ११८ पर्यंत उतरलेलं, फाइलमध्ये थायझाइड; गोळी बंद, सलाइन सुरू, दोन दिवसांत पेशंट उठून बसतो. बहुतेक वेळा दोष गोळीचाच असतो, हे मान्य. पण ॲड्रिनल थकलेल्या माणसालाही सलाइनने तात्पुरती हुशारी येते. त्यामुळे बरं वाटलं, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पोटॅशियमही फसवतं. ॲड्रिनलच निकामी झाली तर ते वाढायला हवं; थायझाइड ते खाली ओढतं आणि आकडा नॉर्मल दिसतो. स्पायरोनोलॅक्टोनचं उलट आहे. ते अल्डोस्टेरॉनलाच अडवतं, म्हणून ॲड्रिनल शाबूत असूनही सोडियम कमी, पोटॅशियम जास्त असं चित्र उभं राहतं.

त्यात सांधेदुखीच्या पुड्यांची भर. काहींत स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी अचानक थांबली की त्या स्टेरॉइडने झोपी गेलेली ॲड्रिनल लगेच जागी होत नाही. इथे अल्डोस्टेरॉन बहुधा टिकून असतं, म्हणून पोटॅशियम बिघडत नाही आणि संशयही येत नाही. पुडीचा उल्लेख कुठल्याच चिठ्ठीवर नसतो. तो घरच्यांना मुद्दाम विचारावा लागतो. विचारलंच नाही, तर सकाळी आठचं कॉर्टिसोल (ॲड्रिनलचंच दुसरं संप्रेरक) तपासायचं कुणाला सुचत नाही, आणि डिस्चार्जच्या कागदावर ‘मीठ कमी’ हा जुना सल्ला तसाच उतरतो.