प्रॉव्हेनन्स गेम

प्रॉव्हेनन्स गेम : डेटाबेसला विचारलेल्या क्वेरीच्या उत्तरात एखादी ओळ का आली, किंवा का आली नाही, हे दोन खेळाडूंच्या डावाच्या रूपात मांडून त्या डावातूनच कारण वाचून घेण्याची पद्धत. स्वेन कोलर, बर्ट्राम लुडेशर आणि डॅनियल झिन यांनी ती २०१३ मध्ये मांडली. डेटाच्या उगमाच्या अभ्यासात ‘का’ आणि ‘का नाही’ हे दोन प्रश्न बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी सोडवले जात होते. या पद्धतीत तो एकच प्रश्न होतो आणि हेच तिचे मोठे योगदान आहे.

पार्श्वभूमी : क्वेरी उत्तर देते, त्यामागचा हिशेब देत नाही. पाच-सहा तक्ते जोडून निघालेल्या निकालात एक ओळ खटकली, तर मुळात कोणत्या नोंदीत चूक आहे हे शोधणे जिकिरीचे असते. जेनिफर विडम यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २००० च्या सुमारास डेटा वेअरहाउससाठी (अनेक ठिकाणचा डेटा विश्लेषणासाठी एकत्र साठवणाऱ्या यंत्रणेसाठी) असा माग काढण्याच्या पद्धती दिल्या. २००१ मध्ये पीटर ब्यूनमन, संजीव खन्ना आणि वांग-च्यू टान यांनी दोन प्रश्न वेगळे केले : ओळ उत्तरात असण्याला मूळच्या कोणत्या ओळी कारण आहेत, आणि एखादे मूल्य नेमके कुठल्या रकान्यातून आले आहे. त्यानंतरचा निर्णायक टप्पा २००७ चा. टॉड ग्रीन, ग्रिगोरिस कार्व्हुनाराकिस आणि व्हॅल टॅनन यांनी उत्तर ‘कसे’ तयार झाले ते बहुपदीत लिहिता येते हे दाखवले.

एक कल्पित तक्ता घेऊ. ‘थेट’ नावाच्या या तक्त्यात चार बसगाड्या आहेत : पुणे–सातारा (प), सातारा–कोल्हापूर (फ), पुणे–सांगली (ब) आणि सांगली–कोल्हापूर (भ). एकदा गाडी बदलून पुण्याहून कोल्हापूरला जाता येते का, असे विचारले तर उत्तर ‘हो’ येते आणि त्याची बहुपदी होते प·फ + ब·भ. दोन ओळी एकत्र लागल्या की गुणाकार, दोन पर्याय असले की बेरीज. ही बहुपदी एकदा हाती आली की तीच अनेक प्रश्नांना पुरते. प्रत्येक अक्षराच्या जागी १ घातला तर मार्गांची संख्या मिळते : २. बेरजेच्या जागी ‘कमीत कमी’ आणि गुणाकाराच्या जागी नेहमीची बेरीज घेऊन भाडी भरली (प १५०, फ १८०, ब ३००, भ ६० रुपये) तर सर्वांत स्वस्त प्रवास मिळतो : ३३० रुपये. ‘ब’ ही नोंद खोटी ठरली तर उत्तर टिकते का, हेही तिच्यावरूनच कळते. बेरीज-गुणाकाराचे नियम पाळणाऱ्या अशा बीजगणिती रचनेला सेमीरिंग म्हणतात.

नकारापाशी मात्र ही वाट अडते. ‘गाडी बदलावीच लागते, थेट गाडी नाही’ अशा जोड्या मागितल्या की तक्त्यात नसलेली ओळ हेही उत्तराचे कारण ठरते. नसलेल्या ओळीला अक्षर कोणते द्यायचे? सेमीरिंगमध्ये वजाबाकी नसते. ती बाहेरून जोडण्याचे अनेक प्रयत्न झाले, पण क्वेरीचे समान अर्थाचे दोन आराखडे समानच राहावेत ही अपेक्षा त्यांत पूर्णपणे टिकली नाही. दुसरीकडे ‘ही ओळ उत्तरात का नाही’ या प्रश्नावर एड्रियन चॅपमन आणि एच. व्ही. जगदीश यांनी २००९ मध्ये स्वतंत्र पद्धत मांडली होती.

डावाचे गणित : सारी मांडणी एका नियमावर उभी आहे :

जिंकते(क) ← चाल(क, ख), नाही जिंकते(ख)

म्हणजे, ज्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला हरत्या स्थितीत ढकलणारी एक तरी चाल आहे, ती स्थिती जिंकती. जिथून चालच नाही ती हरती. चिंचोक्यांच्या ढिगातून आळीपाळीने एक किंवा दोन चिंचोके उचलायचे आणि उचलायला काही उरले नाही तो हरला, असा डाव घ्या. शून्य ही स्थिती हरती. एक आणि दोन जिंकत्या. तीनमधून कसेही उचलले तरी प्रतिस्पर्धी जिंकतो, म्हणून तीन हरती. चार जिंकती, कारण एक उचलून समोरच्याला तीनवर आणता येते. चारवरून दोन उचलणे नियमात बसते, पण ती वाईट चाल आहे, कारण तिने हातचा डाव जातो. उगमाच्या मांडणीत अशा वाईट चाली वगळतात. चारच्या विजयाचे कारण म्हणून एकच चाल उरते. तीनच्या पराभवाचे कारण सांगताना मात्र दोन्ही चाली द्याव्या लागतात. जिंकायला एक चांगली चाल पुरते, पराभव सिद्ध करायला सगळ्या चाली मोडून काढाव्या लागतात.

डाव गोल फिरू शकत असेल तर काही स्थिती ना जिंकत्या ना हरत्या, बरोबरीच्या राहतात. वरच्या नियमात नकार स्वतःवरच उलटत असल्याने त्याचा अर्थ लावणे तार्किक प्रोग्रामिंगमध्ये (तर्काच्या नियमांच्या रूपात प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीत) अनेक वर्षे अवघड मानले गेले. ॲलन व्हॅन गेल्डर, केनेथ रॉस आणि जॉन श्लिफ यांच्या १९९१ च्या वेल-फाउंडेड अर्थरचनेत खरे, खोटे आणि अनिश्चित अशी तीन मूल्ये आहेत. ती जिंकत्या, हरत्या आणि बरोबरीच्या स्थितींशी तंतोतंत जुळतात. फान मिन्ह डुंग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या, कोणता युक्तिवाद कोणत्यावर हल्ला करतो ते बाणांनी दाखवणाऱ्या आराखड्यातही, हल्ल्याचा बाण उलटा वाचला की, हाच नियम सापडतो.

क्वेरीचा डाव : आता बसच्या उदाहरणातली नकाराची क्वेरी घेऊ :

बदलावीच(क, ग) ← थेट(क, ख), थेट(ख, ग), नाही थेट(क, ग)

वादी म्हणतो, पुणे–कोल्हापूर ही जोडी उत्तरात आहे. त्याने नियमातल्या ‘ख’ची, म्हणजे मधल्या गावाची, निवड करायची, समजा तो सातारा निवडतो. प्रतिवादीने तीन अटींपैकी जी खोटी वाटते तिच्यावर बोट ठेवायचे. पहिल्या दोहोंपैकी एकीवर ठेवले तर वादी तक्त्यातली ओळ दाखवतो आणि प्रतिवादीची चाल संपते. तिसऱ्या, नकाराच्या अटीवर ठेवले तर भूमिका बदलतात : पुणे–कोल्हापूर थेट गाडी आहे हे दाखवण्याची जबाबदारी आता प्रतिवादीवर येते. तशी ओळ नाही, म्हणून तो हरतो. नकारासाठी वेगळे यंत्र लागत नाही, बाजूंची अदलाबदल पुरते. वादीने ‘ख’ म्हणून नाशिक निवडले असते तर ती वाईट चाल झाली असती. म्हणून नाशिक उगमात येत नाही, सातारा आणि सांगली येतात.

आता सातारा–सांगली ही जोडी उत्तरात का नाही, ते पाहू. इथे वादी हरतो, आणि तो का हरतो हेच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘ख’च्या प्रत्येक निवडीला प्रतिवादीकडे तोड आहे. कोल्हापूर निवडले तर सातारा–कोल्हापूर गाडी आहे, पण कोल्हापूर–सांगली नाही. ही एक ओळ घातली की जोडी उत्तरात येईल, हेही डावातल्या स्थिती आणि चाली जोडून काढलेल्या आलेखातच दिसते. चुकीचा निकाल दुरुस्त करणाऱ्याला याहून उपयोगी माहिती क्वचितच मिळते.

नकार नसलेल्या क्वेरींसाठी या डावाचा आलेख ग्रीन आणि सहकाऱ्यांच्या बहुपदीइतकीच माहिती देतो : वादीची निवड म्हणजे बेरीज, प्रतिवादीची निवड म्हणजे गुणाकार. म्हणजे जुना सिद्धान्त नव्याच्या पोटात सुखरूप राहतो. फर्स्ट-ऑर्डर क्वेरींच्या, म्हणजे ज्यांत नियम स्वतःवरच पुन्हा अवलंबून नसतो अशा क्वेरींच्या, डावात चाली फिरून त्याच स्थितीवर येत नाहीत. त्यामुळे बरोबरी होत नाही आणि प्रत्येक जोडीला ‘का’ किंवा ‘का नाही’ यांपैकी एक उत्तर निश्चित मिळते.

तर्कशास्त्रातील मुळे : विधानाची सत्यता दोघांच्या डावात तपासण्याची कल्पना संगणकशास्त्राची नाही. एर्न्स्ट त्सेर्मेलो यांनी १९१३ मध्ये बुद्धिबळासारख्या डावांचे गणिती विश्लेषण केले. जर्मनीत पाउल लोरेन्त्सेन यांनी तर्काचे नियम संवादाच्या रूपात मांडले आणि फिनलंडचे याक्को हिन्तिक्का यांनी सत्य ठरवू पाहणारा आणि खोडू पाहणारा असे दोन खेळाडू कल्पून वाक्यांचा अर्थ लावला. हिन्तिक्कांच्या डावात ‘असा एक आहे’ म्हटले की पहिला निवडतो, ‘प्रत्येकासाठी’ म्हटले की दुसरा, आणि नकार आला की दोघे जागा बदलतात. क्वेरी ही शेवटी तर्कशास्त्रातले सूत्रच असल्यामुळे हे सारे डेटाबेसला लागू पडते.

पुढील काम : जर्मनीतील आखेनचे एरिक ग्रेडेल आणि व्हॅल टॅनन यांनी २०१७ पासून सेमीरिंगच्याच बाजूने नकाराला वाट काढली. प्रत्येक मूळ विधानाला एक चल आणि त्याच्या नकाराला दुसरा चल द्यायचा, आणि दोहोंचा गुणाकार शून्य मानायचा. सूत्रातले नकार आधी मूळ विधानांपर्यंत आत ढकलले की वजाबाकीची गरजच उरत नाही. पुढे हे विश्लेषण स्थिरबिंदू तर्क (ज्यात उत्तर बदलेनासे होईपर्यंत नियम पुन्हा पुन्हा लावतात) आणि अनंत चालींच्या डावांपर्यंत नेण्यात आले.

मर्यादा : ‘का नाही’चे पूर्ण उत्तर प्रचंड मोठे होते. नियमात उत्तरात न दिसणारे, ‘ख’सारखे दोन चल असले आणि तक्त्यांत १,००० वेगवेगळी मूल्ये असली तर एकट्या गैरहजर ओळीमागे १०,००,००० निवडी मोडून दाखवाव्या लागतात. म्हणून सियोकी ली, बोरिस ग्लाविक आणि लुडेशर यांनी केलेल्या ‘पग’ या प्रणालीत सगळा आलेख न उभारता विचारलेल्या प्रश्नापुरताच भाग काढला जातो. शिवाय निवडी कोणत्या मूल्यांतून करायच्या ते आधी ठरवावे लागते : फक्त तक्त्यात आलेली गावे धरायची की राज्यातली सगळी, यावर ‘का नाही’चे उत्तर बदलते.