टन नंतर, आधी लिटर विचारा

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथे एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागला की लोक लाकूड फोडायला घेतात. हिवाळ्यात अजूनही कितीतरी घरं लाकडाच्या शेगडीवर उबदार राहतात, आणि पुढच्या थंडीचं सरपण आत्ताच फोडून ठेवावं लागतं. साल शाबूत असलेला अख्खा ओंडका वाळता वाळत नाही. फोडला की आतलं लाकूड उघडं पडतं, वारा लागतो, ओलावा २० टक्क्यांच्या खाली उतरतो आणि मग ते नीट जळतं. हे सरपण 'कॉर्ड'मध्ये मोजतात : ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब थप्पी. अशा चार-पाच थप्प्या कुऱ्हाडीने फोडायच्या म्हणजे खांदे भरून येतात. दारात २५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो. त्याच्याच हायड्रॉलिकवर, म्हणजे पंपाने दाब दिलेल्या ऑइलवर, लाकूड फोडायचं यंत्र, म्हणजे स्प्लिटर, चालवता येईल का?

येतं. आपल्याकडे डंपिंग ट्रॉलीचा जॅक आणि पलटी नांगर उलटवणारा सिलिंडर याच ऑइलवर चालतात. ट्रॉलीचा जॅक बहुधा एकाच पाइपवर उचलतो आणि उतरताना ट्रॉलीच्या वजनाने खाली बसतो. स्प्लिटरचा सिलिंडर मात्र डबल ॲक्टिंग असतो. जातानाही ऑइल लागतं, परत येतानाही. बाकी यंत्र साधं आहे. एक जाड लोखंडी बीम, एका टोकाला पोलादी पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर आणि मध्ये आडवा ठेवलेला ओंडका.

जोर कुठून येतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने सांगून ठेवलं आहे : बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्याचा यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. याच तत्त्वावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आता हिशेब करू. ४ इंची सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरच्या ऑइलचा दाब १७० बार धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १७३ किलोचा जोर. गुणाकार केला की १४ टन. दोन हातांच्या पंज्यात मावेल एवढ्या पिस्टनमागे १४ टन, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

पण या गुणाकारात वेळ कुठेच आला नाही, आणि घेणारा फसतो तो इथेच. जाहिरातीत टन ठळक छापलेले असतात. पिस्टन किती वेगाने सरकेल हे मात्र दाबावर नाही, पंप मिनिटाला किती लिटर ऑइल ढकलतो यावर ठरतं. पिस्टनला जोडलेला दांडा २४ इंच पुढे जाणार असेल तर सिलिंडरमध्ये जवळपास ५ लिटर ऑइल भरावं लागतं. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला २५ लिटर देत असेल, तर जायला १२ सेकंद. परत यायला ९, कारण पिस्टनच्या पुढच्या बाजूची काही जागा दांड्यानेच व्यापलेली असते. एकूण २१ सेकंद. जोर वाढवायला ५ इंची सिलिंडर लावला, तर २२ टन मिळतात खरे, पण नुसतं पुढे जायलाच साडेअठरा सेकंद लागतात. ओंडका धरून उभ्या माणसाला ते फार जाणवतात. म्हणून विकत घेताना टन नंतर, आधी लिटर विचारावेत.

एवढा जोर मुळात लागतो किती वेळ? लाकडाच्या पेशी खोडाच्या लांबीने रचलेल्या नळ्यांसारख्या असतात. नळ्या आडव्या तोडणं कठीण, पण शेजारच्या दोन नळ्या एकमेकींपासून सोडवणं सोपं. पाचर टेकते तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम जड होतो, ओंडक्याच्या तोंडावर केसाएवढी रेघ उमटते आणि 'कट्' असा आवाज येतो. त्यानंतर पाचर लाकूड कापत नाही, फक्त दोन बाजू फाकवते. भेग तिच्या पुढे पुढे धावते आणि जोर एकदम कमी पुरतो. ॲश किंवा मेपल झाडाचा सरळ रेषांचा ओंडका अर्ध्यातच दुभंगतो. एल्मचे तंतू मात्र एकमेकांत विणलेले असतात; तिथे पाचर शेवटापर्यंत जाते आणि तरी दोन्ही फोडी तंतूंनी चिकटून राहतात. फांदी फुटलेल्या जागची गाठही अशीच चिवट.

स्वतंत्र पेट्रोल इंजिनाच्या स्प्लिटरमध्ये म्हणूनच दोन टप्प्यांचा पंप असतो. पाचर लाकडाला टेकेपर्यंत भरपूर ऑइल आणि कमी दाब. लाकूड अडलं की आपोआप थोडं ऑइल आणि पूर्ण दाब. पाच-सहा एचपीचं इंजिन त्यामुळे भरभर काम उरकतं. ट्रॅक्टरच्या पंपाला हे दोन टप्पे नसतात. घाई असलेला माणूस मग पीटीओवर, म्हणजे अवजारं चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवर, वेगळा पंप बसवतो आणि त्याला वेगळी टाकी देतो.

ट्रॅक्टरचंच ऑइल वापरायचं, तर माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष परतीच्या पाइपकडे हवं. दांडा मागे येताना पिस्टनच्या मोठ्या बाजूचं ऑइल बाहेर पडतं. पंप २५ लिटर देत असला तरी परतीच्या पाइपातून मिनिटाला ३३ लिटर धावतात. दांडा आणखी जाड असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून हा पाइप रुंद हवा आणि तो थेट टाकीत सोडावा, मध्ये झटपट जोडायचा कपलर नको. कपलर निसटला की आतली झडप बंद होते, ऑइलला वाट उरत नाही आणि कमी दाबासाठी बनवलेल्या भागांवर पूर्ण दाब येतो. व्हॉल्व्हचं बीड त्याने फुटू शकतं.

दुसरी चूक उष्णतेची. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत काम नसतानाही ऑइल सतत फिरत असतं, त्यामुळे स्प्लिटरचा व्हॉल्व्हही ऑइल मोकळं जाऊ देणारा हवा. वाट अडवणारा व्हॉल्व्ह बसवला तर सगळं ऑइल जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून किंचाळत निसटतं. १७० बार आणि २५ लिटर म्हणजे ७ किलोवॉट. आंघोळीचं पाणी तापवायचे दीड किलोवॉटचे जवळजवळ पाच रॉड ऑइलमध्ये एकदम सोडल्यासारखं. ट्रॅक्टरमध्ये २५ लिटर ऑइल असेल, तर ते मिनिटाला १० अंशांनी तापतं. पाच मिनिटांत हात लावता येत नाही. चिवट ओंडक्यावर दांडा अडला असताना व्हॉल्व्हचं लिव्हर दाबून धरलं तरी हेच होतं. लिव्हर सोडावं, ओंडका फिरवून दुसरीकडून पाचर लावावी.

पाइपाला सुईएवढं छिद्र पडलं, तर ऑइल टपकत नाही. १७० बारला ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या फवाऱ्यासारखं सुटतं आणि कातडीतून आत घुसतं. गळती कुठे आहे ते बोट फिरवून कधीही शोधू नये. इंजिन बंद करावं, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब सोडावा, मग पाइप बदलावा. चालू यंत्रात शोधायचंच असेल तर दूर उभं राहून पुठ्ठ्याचा लांब तुकडा पाइपाजवळ धरावा. फवारा असेल तिथे पुठ्ठा भिजतो. आणि हाताला लागलंच, तर जखम टाचणी टोचल्याएवढी असते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. आत मात्र ऑइल स्नायूंच्या पदरांतून पसरत असतं, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं : दाबाखालचं ऑइल कातडीच्या आत गेलंय.